विसरलेली पेंढी

दसरा उलटला की उमरोळीकडून येणाऱ्या वाऱ्याला पिकल्या भाताचा वास असतो. सकाळी तो दवाने ओला आणि किंचित दुधाळ, दुपारी उन्हात भाजल्यासारखा. बोईसरमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत तो पोचतो असं मी म्हटलं, की शेजारच्या बायका हसतात. मधे एवढे कारखाने आहेत आणि त्यांचे स्वतःचे वास आहेत, त्यांतून भाताचा वास कसा वाट काढेल, असं त्यांचं म्हणणं. बरोबर असेल. मला मात्र येतो. यंदाही आला, आणि मी कपाटातून शनिवारची वही काढली.

ही वही आमच्या वाचनाची. दर शनिवारी दुपारी आम्ही चौघं जमत असू. सायमनकाका, हमीद सर, माझे यजमान माधव आणि मी. सायमनकाका बेने इस्रायली, म्हणजे कोकणपट्टीत कैक पिढ्या मराठी बोलत राहिलेले यहुदी. माधवबरोबर त्यांनी वीज केंद्रात तीस वर्षं काढली. त्यांच्या पूर्वजांना गावात शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. काकांकडे घाणा नव्हता, तरी शनिवारी ते रिक्षात बसत नाहीत की पेन हातात धरत नाहीत. म्हणून टिपणं माझ्याकडे आली. काका तोरा, म्हणजे त्यांचं मूळ शास्त्र, हिब्रूतून हळूहळू वाचायचे आणि ओळ संपली की मराठीत सांगायचे. अडलं तर त्यांच्या वडिलांच्या हस्ताक्षरातली एक जीर्ण मराठी वही उघडायचे. माझ्या वहीत पानोपानी काका, काकांचे वडील आणि त्यांच्याशी भांडणारे आम्ही असे सगळे एकत्र नांदतो.

हे सुरू झालं एका सणामुळे. निवृत्तीनंतर माधवने उमरोळीजवळ थोडं शेत घेतलं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, ज्वारीची माणसं. भाताचं वेड त्याला इकडे येऊन लागलं. पहिल्या वर्षीचा तांदूळ घेऊन तो काकांकडे गेला तर काका म्हणाले, "अहो, आमच्या वर्षाच्या पहिल्या सणाचं नावच मुळी नव्याचा सण. मागोमाग खिरीचा सण. जेरुसलेमच्या माणसाला ही नावं सांगितली तर तो डोकं खाजवेल. ती भातानं दिलेली नावं आहेत." माधवला ते इतकं आवडलं की त्याने विचारलं, तुमच्या शास्त्रात शेतीबद्दल काय आहे? काका म्हणाले, शनिवारी या. शनिवारी आम्ही गेलो, ते सहा वर्षं जातच राहिलो. पालघरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले हमीद सर दुसऱ्याच महिन्यात आले. त्यांचं म्हणणं, "तुम्ही मूसा पैगंबरांबद्दल बोलणार आणि मला बोलावणार नाही? ये तो नाइन्साफी है."

माधव गेला तो श्रावणात. लावणी होऊन महिना झाला होता.

त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही, पण काका आले ते आठवतं. ते आले आणि भिंतीशी जमिनीवर बसले. बोलले काहीच नाहीत. त्यांच्यात रीत आहे, दुःखातल्या माणसाने तोंड उघडेपर्यंत भेटायला आलेल्याने बोलायचं नाही. मला ती वाचनातून ठाऊक होती, माझ्या नणंदेला नव्हती. ती स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली, "हे गृहस्थ तासभर नुसते बसलेत गं. बरं नाही का त्यांना?" शेवटी मीच बाहेर येऊन म्हटलं, "काका, पाणी घेता?" त्यांनी मान हलवली आणि पिशवीतून डबा काढला. झाकण उघडलं. आत उकडलेली अंडी होती.

दुःखाच्या घरातलं पहिलं जेवण शेजाऱ्यांनी द्यायचं, आणि त्यात अंडं हवं, कारण ते गोल असतं आणि त्याला तोंड नसतं, दुःखातल्या माणसासारखं. हेही मला वाचनातून माहीत होतं. पण श्रावण, त्यात सुतक, आणि साताऱ्याहून आलेले दहा नातेवाईक. सगळ्यांच्या माना डब्याकडे वळल्या. काकांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि झाकण लावलं.

"सत्तर वर्षं तुमच्यात राहिलो वहिनी," ते हळू म्हणाले, "आणि आज श्रावण विसरलो."

त्या दिवसांत मी रडले होते, पण ते लोकांबरोबर. त्या वाक्यावर मी पहिल्यांदा एकटीने रडले.

पुढे शनिवार येत राहिले, मी जात नव्हते. आश्विन आला. शेतात भात फुललं, मग दाणा भरला, मग लोंब्या वाकल्या. मी दर दोन दिवसांनी जाऊन बांधावर बसायची. पश्चिमेच्या अंगाला चार ओळी वाकड्या होत्या. त्या माधवने स्वतः लावलेल्या. बाकी लावणी जानकी आणि तिच्या पाड्यावरच्या बायकांनी केलेली, दोरी धरल्यासारखी सरळ. जानकी वारली समाजातली, पूर्वेच्या डोंगरातली. तिचं स्वतःचं शेत पावसावरचं, लहानसं. ते लावून झालं की ती लावणी-कापणीला खाली उतरायची. माधवच्या ओळी पाहून ती म्हणायची, "सायेब, ह्या ओली दारू पिऊन लावल्यात काय?" माधव म्हणायचा, "नाही गं, मोठ्या विचाराने लावल्यात." "मंग विचार वाकडा हाय तुमचा."

आता तिचा फोन यायला लागला. "बाई, भात पिकला. कदी येवू?" मी म्हणायची, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. "बाई, झडाया लागला. पाखरा बसतान. परतीचा पाऊस आला तं सगला आडवा होल." मी म्हणाले, बघू.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. माधवच्या हातचं, अजून उभं असलेलं, श्वास घेणारं असं जगात तेवढंच उरलं होतं. ते कापायला मीच माणसं बोलवायची? त्याचे कपडे कपाटात होते, चष्मा टेबलावर होता, पण त्या वस्तू होत्या. भात वाढत होतं. तो गेल्यानंतरही वाढलं होतं. विळा लागला की तेही झालंच.

बहुधा जानकीने काकांना सांगितलं असावं. त्या शनिवारी दुपारी दार वाजलं. काका आणि हमीद सर उभे. काका उन्हातून चालत आलेले, घामाघूम.

"तुम्ही येत नाही, म्हणून वाचनच आलं," हमीद सर म्हणाले. "टिपणं कोण घेणार? सायमन शनिवारी पेन धरत नाही आणि माझं अक्षर मलाच लागत नाही."

आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. चौथी खुर्ची कुणी हलवली नाही. त्या आठवड्याचा ठरलेला पाठ वेगळा होता, पण काकांनी दुसरंच पान काढलं. शेत कापशील तेव्हा कडेपर्यंत कापू नकोस, कोपरा राहू दे. पडलेल्या लोंब्या वेचायला मागे फिरू नकोस. आणि मग तिसरी गोष्ट. शेतात एखादी पेंढी विसरलास, तर ती आणायला परत जाऊ नकोस. ती परक्याची, अनाथाची आणि...

काका थांबले. पान नीट करत बसले.

"वाचा काका," मी म्हटलं. "पुढचा शब्द मला माहीत आहे."

"विधवेची," काका म्हणाले.

सहा वर्षांत हा शब्द या वाचनात कितीदा आला असेल. दर वेळी तो मी वहीत उतरवला होता, परक्या आणि अनाथ या शब्दांच्या शेजारी. तिघंही माझ्यासाठी लांबची, ज्यांच्याबद्दल चांगलं वागायचं अशी माणसं होती. त्या दुपारी मी वहीतल्या त्या शब्दाच्या आत बसले होते. आणि शेतही माझंच होतं. शास्त्र ज्याला बजावत होतं तीही मी, आणि ज्याच्यासाठी बजावत होतं तीही मीच.

हमीद सर म्हणाले, "आमच्याकडे बागवाल्या भावांची गोष्ट आहे. फळं उतरवायला ते भल्या पहाटे निघाले, कुजबुजत, म्हणजे गरिबांना सुगावा लागू नये. जाऊन बघतात तर रातोरात बाग जळून काळी. पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपण रस्ता चुकलो." ते माझ्याकडे वळले. "ताई, न देण्यासाठी घाई करणारे ते. तुम्ही उशीर करताय. पण बाग काळी पडते ती दोन्हीकडून."

मला राग आला. मी म्हटलं, आमच्याकडेही गोष्ट आहे, सांडलेले दाणे वेचून जगणाऱ्या घराची. आलेल्या पाहुण्याला त्यांनी होतं नव्हतं तेवढं पीठ दिलं. त्या सांडलेल्या पिठात लोळलेल्या मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी ते मोठमोठ्या यज्ञांतून लोळत फिरलं, पण तसं पीठ कुठे मिळालं नाही. "माझंही अर्धंच अंग उरलंय सर. मला कुणी देण्याघेण्याचं शिकवू नका."

मग काकांनी वडिलांची वही उघडली. "माझ्या वडिलांना या तीन आज्ञांतली शेवटची फार आवडायची. ते म्हणायचे, बाकी सगळं धर्माचं काम माणूस ठरवून करू शकतो. कोपरा ठरवून सोडता येतो. दान ठरवून देता येतं. पेंढी ठरवून विसरता येत नाही. पूर्वी म्हणे एका भल्या माणसाच्या हातून पेंढी विसरली, तर त्याने आनंदाने गावजेवण घातलं. आयुष्यभर न जमणारं पुण्य चुकून झालं म्हणून. वहिनी, आमचा सगळा धर्म आठव, आठव म्हणत असतो. गुलामी आठव, वाळवंट आठव, मेलेल्यांची नावं आठव. पण शेताच्या एका कोपऱ्यात त्यानेही विसरायला जागा ठेवलीय."

"मला विसरायचं नाही," मी म्हटलं.

"कुणालाच नसतं," काका म्हणाले. "म्हणून तर ती आज्ञा ठरवून पाळता येत नाही."

वहीत त्या दिवशीचं टिपण तिथेच तुटलेलं आहे. खाली फक्त एक ओळ, घाईने लिहिलेली: सोमवारी कापणी, जानकीला फोन.

सोमवारी काका आणि हमीद सर दोघंही शेतावर हजर. डोक्यावर टोप्या, हातात मोजपट्टी, खुंट्या आणि सुतळीचं बंडल. कोपरा सोडायचा तर शास्त्राप्रमाणे सोडायचा, असं ठरलं होतं. जुन्या पंडितांनी निदान साठावा भाग सांगितलेला. एक वीज केंद्रातला निवृत्त तंत्रज्ञ आणि एक विज्ञानाचा मास्तर, मग साठावा म्हणजे साठावाच.

"सायमन, पट्टी ताणून धर. झोळ पडतोय."

"झोळ माझ्या पट्टीत नाही, तुझ्या बांधात आहे."

"बांध माझा नाही, अल्लाचा आहे."

जानकी विळा घेऊन बघत उभी होती. "बाई, ह्या म्हातारे काय घर बांदतान काय?" तिच्याबरोबरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. शेवटी पूर्वेचा एक कोपरा पक्का झाला. चार खुंट्या ठोकल्या, भोवती सुतळी ताणली आणि हमीद सरांनी पुठ्ठ्यावर फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं, "हा भाग गरजूंसाठी." तिघांनी लांब उभं राहून ते पाहिलं. आम्हांला फार बरं वाटलं.

वाकड्या चार ओळी मीच कापणार होते. जानकीने विळा कसा धरायचा ते दाखवलं. पहिली मूठ धरली. मूठ, विळा, मूठ, विळा. भाताचं पान हाताला कापतं हे तोवर मला माहीत नव्हतं. माधवच्या हातांवर त्या बारीक रेघा मी पाहिल्या होत्या आणि कधी विचारलं नव्हतं. त्या ओळींची एक पेंढी झाली. ती मला घरी न्यायची होती, दाराला लावायची होती, वर्षभर. म्हणून घरून मी त्याच्या जुन्या निळ्या सदऱ्याची एक पट्टी फाडून आणली होती. त्या पट्टीने पेंढी बांधली आणि इतर भाऱ्यांत मिसळू नये म्हणून बांधापलीकडे करवंदीच्या जाळीमागे ठेवली.

मग काम वाढलं. पेंढ्या बांधायच्या, भारे खळ्यावर न्यायचे, बायकांना चहा द्यायचा. पश्चिमेला ढग दिसले तशी जानकी ओरडायला लागली. काकांनी भारा डोक्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि भाऱ्यासकट बसले. हमीद सर म्हणाले, "अरे, सत्तरीत बारावीची परीक्षा देतोस काय!" सगळे हसत होते, मी हसत होते, अंगाला खाज सुटली होती, तोंडात भुसा होता. ऊन उतरलं, पाऊस आला नाही, आणि आम्ही घरी आलो.

आंघोळ करून चहाचा कप हातात घेतला तेव्हा लक्षात आलं. दुपारपासून मला माधवची एकदाही आठवण झाली नव्हती. आणि मग दुसरं लक्षात आलं. पेंढी करवंदीमागेच राहिली होती.

स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. शेतातलं सगळं आणलं, आणि ज्याच्यासाठी गेले होते तेवढंच विसरले. तो जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. एका दुपारीत एवढं जमलं, तर वर्षात काय होईल?

उजाडताच मी निघाले. स्टेशनवरून शेताकडे चालताना सारखं मनात येत होतं, आणायला परत जाऊ नकोस. मी त्या वाक्याशी भांडत चालले होते. हे शास्त्र माझं नाही. पेंढी माझी आहे. वर मी स्वतःच ती विधवा आहे; माझी पेंढी मी उचलली तरी ती विधवेलाच मिळते. वकिलासारखा युक्तिवाद तयार झाला होता.

जाळीमागे काही नव्हतं.

कापलेल्या शेतात एक म्हातारी वाकून सरवा वेचत होती. कापणीनंतर सांडलेल्या लोंब्या वेचायची इकडे जुनी रीत आहे, कुणी त्याला ना म्हणत नाही. ती जानकीच्या पाड्यावरची नव्हती, मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बांधावर तिचं गाठोडं होतं. त्यात वेचलेल्या लोंब्या, आणि त्यांच्यावर निळ्या पट्टीने बांधलेली पेंढी.

काहीतरी बोलायचं म्हणून मी पूर्वेच्या कोपऱ्याकडे हात केला. तिथलं भात खुंट्यांच्या आत जसंच्या तसं उभं होतं. "आजी, ते का नाही घेतलं? ते तुमच्यासाठीच सोडलंय. पाटी लावलीय."

"माना कुठं वाचता येतं," ती म्हणाली. "आन् दोरी बांदलीत तुमी. दोरी बांदलेल्या भातात कोन जाल? उबा भात कापला तं चोर म्हनतान. पडलेला आमचा, उबा मालकाचा." मग तिने कमरेवर हात ठेवून मला नीट पाहिलं. "देयाचा व्हता तं दोरी कशाला बांदली?"

आम्ही तीन शिकलेल्या माणसांनी शास्त्रात पाहून, मोजपट्टी लावून गरिबांसाठी जागा राखली होती, आणि तिला कुंपण घातलं होतं.

माझी नजर गाठोड्याकडे गेलेली तिने पाहिली असावी. ती आली, पेंढी उचलून पुढे धरली. "जालीमागं व्हती. कोनी इसरला वाटला माना. तुमची हाय काय?"

आयुष्यात मला बरेच प्रश्न विचारले गेले. त्यातल्या एवढ्या साध्या प्रश्नाच्या उत्तराला कधी इतका वेळ लागला नव्हता. हो म्हटलं असतं तर तिने लगेच दिली असती, मनात काही न ठेवता. तिच्या बोटांवर त्याच बारीक रेघा होत्या.

"काल होती," मी म्हटलं.

तिला ते कळलं की नाही, कुणास ठाऊक. ती म्हणाली, "मंग ह्या कापड तरी घ्या. चांगला हाय." आणि गाठ सोडायला लागली. पेंढी सुटून लोंब्या पसरल्या. मी कोपऱ्यात गेले, खुंट्यांची सुतळी सोडवली, पुठ्ठा काढला आणि सुतळी तिला आणून दिली. तिने त्या सुतळीने गाठोडं आवळलं. मग विळा काढून ती कोपऱ्यात शिरली. वाकण्याआधी दोन लोंब्या तोडून तिने बांधावर ठेवल्या, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कणसरीच्या." कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. माधव त्या दोन लोंब्यांबद्दल काकांना शनिवारी नक्की विचारणार होता, असं मला वाटलं. तो नाही हे मागाहून आठवलं.

शनिवारी मी स्वतः काकांकडे गेले. पेंढी राहिल्याचं त्या रात्रीच त्यांना फोनवर सांगितलं होतं. "पेंढी मिळाली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, दिसली फक्त. काका उठले. आत गेले आणि उकडलेलं अंडं घेऊन आले. श्रावण केव्हाच संपला होता. मी ते सावकाश खाल्लं. हमीद सर खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर कापणी दर वर्षी होते. कोपरा सोडतो, दोरी बांधत नाही. जानकी तोंडी सांगते, तेवढं पुरतं. गेल्या वर्षी मी मुद्दाम एक पेंढी मागे ठेवून पाहिली. दहा पावलं गेले नाही तोच जानकी ओरडली, "बाई, ती राहिली! म्हातारी झालीस काय?" काकांचे वडील बरोबर होते. ते ठरवून होत नाही. काकांची मुलगी त्यांना इस्रायलमधल्या अश्दोदला बोलावते, दर वर्षी ते म्हणतात, भात होऊ दे. पुढच्या सोमवारी पुन्हा तिघंही जाणार आहोत. मोजपट्टी घरीच राहील.

वहीत त्या तुटलेल्या टिपणापाशी निळी पट्टी खुणेसाठी ठेवली आहे. परवा भाताचा वास आला म्हणून वही उघडली, पट्टी मांडीवर पडली, आणि ही चिंधी कशाची ते मला क्षणभर आठवेना. मग आठवलं. पूर्वी अशा वेळी मी घाबरायची. परवा पट्टी हातात घेऊन नुसती बसून राहिले. मधला तो क्षण ज्याचा असेल त्याचा. तो आणायला मी परत गेले नाही.